माईक तिच्या हातात देण्याआधी

पत्र

ताई, मी महाविद्यालयात शिकवते आणि मुलींसाठी नेतृत्व शिबिरं घेते. माझी एक विद्यार्थिनी आहे, वय वीस. सहा महिन्यांपूर्वी ओळखीतल्याच एका माणसाने तिच्यावर अत्याचार केला. आईखेरीज कुणालाच माहीत नाही. तीन महिन्यांपूर्वी तिने मला सांगितलं. तक्रार करायची नाही, यावर ती ठाम आहे. मुलगी हुशार, बोलकी. खचू नये म्हणून मी तिला मुलींच्या समितीची प्रमुख केलं. २५ नोव्हेंबरला, स्त्रियांवरील हिंसाचाराविरोधातल्या आंतरराष्ट्रीय दिवसाच्या कार्यक्रमात तिने स्वतःचा अनुभव सांगावा असंही सुचवलं. 'चालेल मॅडम' म्हणाली. भाषण आम्ही दोघींनी मिळून लिहिलं. तालमीला तिने दोन परिच्छेद वाचले, कागद टेबलावर ठेवला आणि बाहेर गेली. त्याला आठ दिवस झाले, ती वर्गात आलेली नाही. 'सॉरी मॅडम, मला जमणार नाही' एवढा मेसेज आला. मला तिला 'बिचारी' होऊ द्यायचं नाहीये. तिला परत कशी उभी करू? माझं काही चुकलं का?

उत्तर

मॅडम,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं वाचताना तो टोचत राहणार नाही. हो, चुकलं. पण आईखेरीज कुणाला न सांगितलेली गोष्ट तिने तुमच्यापाशी सांगितली, तेव्हा तिने माणूस बरोबर निवडलं होतं. तेही तितकंच खरं आहे.

आता 'चालेल मॅडम' या दोन शब्दांकडे येऊ. शिकवणाऱ्या कुठल्याही बाईला ते दिवसातून दहादा ऐकू येतात. सबमिशन सोमवारी? चालेल मॅडम. पहिल्या बाकावर बस. चालेल मॅडम. तिचे अंतर्गत गुण तुमच्या हातात, उद्याचं शिफारसपत्र तुमच्या हातात, आणि आता तिचं गुपितही तुमच्याजवळ. अशा माणसाला 'नाही' म्हणायचं तरी कसं? अत्याचाराच्या वेळी तिच्या 'नाही'ला काडीची किंमत मिळाली नव्हती. तुमच्यासमोर ते म्हणता येणं ही तिच्यासाठी किती मोठी गोष्ट असेल, बघा. आठ दिवसांपूर्वी तिने ते म्हटलं. कागद भिरकावला नाही, टेबलावर ठेवला. गायब झाली नाही, मेसेज पाठवला. परत कशी उभी करू, असं तुम्ही विचारता. मला तर ती उभी राहिलेलीच दिसतेय.

म्हणून आजचं पहिलं काम म्हणजे त्या मेसेजला उत्तर. 'का गं, काय झालं?' असं नको, आणि 'तू हे करू शकतेस' असं तर मुळीच नको. साधारण असं लिहा: 'सांगितलंस ते बरं केलंस. कार्यक्रमात तुझं आता काही नाही, आणि का नाही हे मी कुणालाही सांगणार नाही. मी घाई केली, माझं चुकलं. वर्गात कधी यायचं ते तुझं तू ठरव. तोवर नोट्स हव्या असतील तर पाठवते. तू सुरक्षित आहेस ना, एवढंच कळव.' त्यावर 'हो' आलं की थांबा. काहीच उत्तर आलं नाही, तर दोन दिवसांनी एकदा फोन करा. वर्गातल्या मैत्रिणींना तिच्या घरी पाठवू नका.

उत्तरात मरणाची, 'सगळं संपवावंसं वाटतं' अशी भाषा आली, तर मात्र वाट बघू नका. सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येताहेत का? विचारल्याने ते विचार डोक्यात शिरतात हा गैरसमज आहे. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, तिच्या आईला आणि डॉक्टरांना त्यात घ्या. गुपित जपण्याला एवढी एक मर्यादा असते, आणि ती तिला आधीच सांगून ठेवावी. (पत्र वाचणाऱ्या इतर शिक्षकांसाठी दुसरी मर्यादाही सांगते. मुलगी अठराच्या आतली असेल तर भारतासह अनेक देशांत कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, तिथे 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊच नये. तुमची विद्यार्थिनी वीस वर्षांची आहे. तक्रार करायची की नाही हा तिचा निर्णय.)

तालमीत काय झालं असेल? लिहिताना तुम्ही दोघी होतात, वाचताना ती एकटी. अशा आघाताची आठवण इतर आठवणींसारखी जुनी होऊन मागे पडलेली नसते. एखादा शब्द, एखादा वास, रिकाम्या सभागृहात घुमणारा आपलाच आवाज, आणि शरीराला वाटतं की ते आत्ता चालू आहे. कुणाचे हातपाय गार पडतात, कुणी थिजून जातं, कुणाला आपण स्वतःकडे छतावरून बघतोय असं होतं. एकदा सगळं बोलून टाकलं की मोकळं वाटतं, हा समज आपल्यात फार घट्ट आहे. पण आघातानंतर लगेच एका बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण त्याने पुढचा त्रास टळत नाही. तुमच्याकडे तर ती बैठकही नव्हती, सभागृह होतं.

सहा महिने हा काळ फार वाटतो, पण तो बाहेरच्यांना. १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बलात्कार झालेल्या ९५ स्त्रियांची दर आठवड्याला पाहणी केली होती. साधारण दोन आठवड्यांनी त्यांच्यापैकी ९४ टक्के जणींत आघाताची लक्षणं पुरेपूर होती, तीन महिन्यांनी ४७ टक्के जणींत. म्हणजे निम्म्याहून जास्त जणी काळाच्या ओघात सावरल्या, आणि जवळपास निम्म्या सावरल्या नव्हत्या. कोण कुठल्या निम्म्यात, हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. बोलक्या मुलींच्या बाबतीत तर नाहीच नाही.

त्याच वर्षी ज्यूडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी सावरण्याचे तीन टप्पे मांडले. आधी सुरक्षितता, मग आठवणींना सामोरं जाणं आणि जे गेलं त्याचा शोक, आणि त्यानंतर पुन्हा जगात मिसळणं. त्या तिसऱ्या टप्प्यात काही जणी आपला अनुभव समाजाच्या कामी लावतात. काही जणीच, बहुतेक जणी नाहीत. बाकीच्या नोकरी करतात, प्रेमात पडतात, झाडं लावतात आणि त्या विषयावर उभ्या आयुष्यात एकदाही भाषण करत नाहीत. त्या कमी पडल्या असं कुणी म्हणू नये. हर्मनबाईंचं आणखी एक म्हणणं मला तुमच्या पत्राच्या समासात लिहावंसं वाटलं: तिच्या हातातून निर्णय काढून घेणारी मदत कितीही भल्याची दिसली तरी तिला सावरायला उपयोगी पडत नाही. तुमची विद्यार्थिनी पहिल्या पायरीवर होती, तुम्ही हात धरून तिला गच्चीवर नेलंत.

मीही हे अनुभवाने शिकले. काही वर्षं मी एका मदत केंद्रात बसत असे. एक मुलगी आली, आल्या आल्या तिने खुर्ची सरकवली आणि दार दिसेल अशी बसली. मला वाटलं, समजलं आपल्याला. दुसऱ्या दिवशी ती यायच्या आधी मी खुर्ची अगदी तशीच लावून ठेवली आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. ती आली, खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची उचलून खिडकीपाशी नेली. त्यानंतर मी खुर्च्या भिंतीला लावून ठेवायचे आणि 'कुठे बसू या?' असं विचारायचे. कधीकधी उत्तराला पाच मिनिटं लागायची. ती पाच मिनिटं काही वाया जात नव्हती.

तिच्या हाती माईक देण्यापेक्षा मोठी एक गोष्ट तुमच्या हातात आहे, ती म्हणजे तिचं शिक्षण. त्याबद्दल पत्रात एक ओळ नाही, याचं मला नवल वाटलं. अशा काळात डोकं कसं चालतं, माहीत आहे? एकच पान चारदा वाचून वर काय होतं ते आठवत नाही. रात्री झोप नाही, म्हणून सकाळचे तास बुडतात. तास बुडाले म्हणून हजेरी कमी, हजेरी कमी म्हणून नोटीस, आणि ती नोटीस घरी. हुशार मुलगी एका सत्रात मागे पडते आणि लोक म्हणतात, हल्ली लक्ष नाही तिचं. सगळ्यात आधी थांबवायला हवी ती ही घसरण, आणि ती थांबवणं तुमच्या अधिकारात आहे.

परीक्षेचंच घ्या. पेपर लिहिताना पर्यवेक्षक मागून येतात आणि खांद्यावरून वाकून उत्तरपत्रिकेवर सही करतात. तुम्ही आम्ही हे हजारदा केलंय. तिच्या पाठीमागून, न कळवता, इतक्या जवळ कुणीतरी वाकलेलं. पुढचा अर्धा तास तिच्या हातून अक्षर उमटणार नाही आणि का, ते तिलाही सांगता येणार नाही. उपाय फुकटचा आहे. सगळ्याच पर्यवेक्षकांना सांगा, समोरून या आणि सही करताना आधी बोला. नियम सगळ्यांसाठी केला की कुणासाठी केला, हे कुणी विचारत नाही.

तिच्याशी बोलणं होईल तेव्हा तिला निवडता येईल असं विचारा. मागच्या भिंतीला टेकून बसायचंय की दाराजवळ? असाइनमेंट आठवड्याने पुढे ढकलू की दोन भागांत देतेस? एखाद्या पाठात असा प्रसंग येणार असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवू का, म्हणजे यायचं की नाही ते तू ठरवशील? सवलतीसाठी अर्ज लागला तर कारणाच्या रकान्यात 'वैद्यकीय' एवढं पुरतं. प्रत्येक खिडकीवर तिला नव्याने सांगावं लागू नये, म्हणून कार्यालयातली धावपळ तुम्ही करा. आणि एक प्रश्न आजवर विचारला नसेल तर नक्की विचारा: तो माणूस कॉलेजच्या आसपास, तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असतो का? 'असतो' म्हणाली तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्याचा विचार करावा लागेल. तिला एखादं सत्र सोडायचं असेल तर सोडू द्या, फक्त परत यायचं दार कागदोपत्री उघडं राहील असं बघा. समुपदेशकाचं नाव द्या, सोबत येऊ का विचारा, पण परस्पर वेळ ठरवून मोकळ्या होऊ नका.

आता नेतृत्व. त्याची हौस तुम्ही सोडावी असं मी म्हणत नाही. काँगो लोकशाही प्रजासत्ताकातल्या बुकावू शहरात डॉ. डेनिस मुक्वेगे यांनी १९९९ साली पांझी रुग्णालय सुरू केलं. युद्धातल्या बलात्कारांनी शरीर उद्ध्वस्त झालेल्या हजारो बायकांवर तिथे शस्त्रक्रिया झाल्या. २०१८ साली त्यांना आणि इराकच्या नादिया मुराद यांना मिळून शांततेचं नोबेल मिळालं. या उपचार झालेल्या बायकांना विचारलं गेलं, आता तुम्हाला काय हवं? एकत्र राहून सावरता येईल अशी जागा हवी, असं त्यांनी सांगितलं. त्यातून २०११ साली त्याच शहरात 'सिटी ऑफ जॉय' उभं राहिलं. अठरा ते तीस वयाच्या तरुणी तिथे सहा महिने राहतात. गटात उपचार, स्वसंरक्षण, स्वतःच्या शरीराची आणि हक्कांची माहिती, शेती, नाच, नाटक. मग आपापल्या गावी परततात आणि पुढे होऊन कामं करतात. आपबिती सांगणं तिथेही आहे, पण ते बंद दाराआड, तेच सोसलेल्या मैत्रिणींमध्ये. आणि सुरुवात कशी झाली पाहा. विचारण्याने झाली.

पाकिस्तानातल्या मीरवाला गावच्या मुख्तारन माईंचं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. २००२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. अशा वेळी बाईने तोंड मिटून घ्यावं ही अपेक्षा, त्या कोर्टात गेल्या. सरकारने भरपाई दिली, त्या पैशातून त्यांनी गावात शाळा काढली. त्यांना स्वतःला लिहितावाचता येत नव्हतं, तर त्याच शाळेत, लहान मुलींबरोबर, त्या स्वतः जाऊन बसल्या. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सहापैकी पाच आरोपींची सुटका केली, तरी शाळा चालू राहिली. एक बाई आपणच काढलेल्या शाळेत पाटीवर अक्षरं गिरवतेय, हे नेतृत्वाचं चित्र मला कुठल्याही भाषणापेक्षा पटतं. आणि हे सगळं त्यांनी ठरवलं, त्यांच्या कुठल्या मॅडमनी नाही. तेवढा टोमणा पोटात घाला.

समितीचं प्रमुखपद तिच्याकडून काढून घेऊ नका. 'तुला ताण नको' म्हणून परस्पर दुसरीला देणं म्हणजे पुन्हा तिच्या वतीने निर्णय घेणंच झालं. विचारा, ठेवायचंय, अर्धं वाटून घ्यायचंय की सोडायचंय? ठेवलं तर त्यात खरं काम द्या. समितीचे पैसे कशावर खर्च करायचे, तासांनंतर वाचनालय मुलींसाठी किती वाजेपर्यंत उघडं हवं, कुठल्या जिन्यात दिवा नाही. यातल्या एकाही गोष्टीचा तिच्यावर ओढवलेल्या प्रसंगाशी संबंध असायची गरज नाही. अत्याचार सोसलेल्या मुलीने अत्याचारावरच बोलावं, हीही एक कैदच. तिला कदाचित क्रिकेटचा संघ काढायचा असेल.

उद्या, वर्षाने, चार वर्षांनी तिला स्वतःहून बोलावंसं वाटलं, तर? नादिया मुराद २०१४ साली आयसिस या दहशतवादी संघटनेच्या कैदेत होत्या, तिथले अत्याचार त्यांनी सोसले. २०१५ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्या बोलल्या आणि पुढे देशोदेशी तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. युद्धातल्या लैंगिक अत्याचारांची माहिती गोळा करणाऱ्यांसाठी २०२२ साली जी आचारसंहिता आली, ती त्यांच्याच नावाने, मुराद संहिता म्हणून ओळखली जाते. ती सांगते, पत्रकार, तपास करणारे, संस्था यांनी आधी स्वतःला विचारावं, ही माहिती खरंच सोसलेल्या बाईकडूनच हवी आहे का? ती कशासाठी वापरणार, कोण ऐकणार, नंतर काय होऊ शकतं हे तिला नीट समजलंय का? मध्येच थांबायची मुभा आहे का? तुमच्या सभागृहासाठी हेच प्रश्न पुरेसे आहेत. त्यात मी एक घालते, मोबाइलवर रेकॉर्डिंग कोण थांबवणार? वीस वर्षांच्या मुलीचं चार मिनिटांचं भाषण तिच्या नोकरीच्या मुलाखतीपर्यंत तिच्या मागे जाऊ शकतं. पीडितेची ओळख तिच्या परवानगीशिवाय जाहीर करणं भारतासह अनेक देशांत गुन्हा आहे, तो उगाच नाही.

राहिला २५ नोव्हेंबर. दुसरी एक मुलगी शोधून तिच्या जागी उभी करायचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्या. तारीख मिराबल बहिणींच्या आठवणीसाठी आहे. डोमिनिकन प्रजासत्ताकात हुकूमशहा त्रुहियोच्या माणसांनी १९६० साली या दिवशी तिघींना मारलं. चौथी बहीण देदे मागे राहिली, तिने बहिणींची मुलं वाढवली आणि त्यांचं स्मृतिघर सांभाळलं. तिच्याबद्दल बोला, फार कमी जण बोलतात.

आणि कार्यक्रमाचा मुख्य तास ऐकण्याच्या सरावाला द्या. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने पाच गोष्टी सांगितल्या आहेत: ऐकून घ्या, आत्ता काय हवंय ते विचारा, तुझ्यावर विश्वास आहे आणि यात तुझा दोष नाही हे बोलून दाखवा, सुरक्षिततेचं बघा, पुढच्या मदतीपर्यंत पोचवा. मुलींच्या, मुलांच्याही, जोड्या करा आणि हे करून बघायला लावा. त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य काय येतं, ते ऐकण्यासारखं असतं. 'पण तू तिथे गेलीस कशाला?' अगदी प्रेमाने विचारतात, काळजीपोटी. ते वाक्य गिळायला शिकवण्यात अर्धा तास जाईल, जाऊ द्या. जगभरात दर तीन स्त्रियांमागे जवळपास एकीला आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसावी लागते, तेव्हा तुमच्या कॉलेजात असं सोसलेली ती एकटीच नसणार. कार्यक्रम संपल्यावर एखादी तुमच्यापाशी घुटमळेल. तिच्यासाठी शेजारची एक खोली मोकळी ठेवा.

तुमच्यासाठीही कुणीतरी असू द्या. तीन महिने हे ओझं एकटीने वाहिलंत, तिला लवकर बरी झालेली बघायची घाई त्यातूनच आली असावी. समुपदेशकाकडे तुम्हीही जाऊ शकता, तिचं नाव न घेता.

जाता जाता, त्या भाषणाचा कागद अजून तुमच्या ड्रॉवरमध्ये असेल. ती येईल तेव्हा पाकिटात घालून तिला परत द्या, फाडायचा की ठेवायचा ते ती बघेल. लॅपटॉपवर त्याची फाइल असेल, फोनमध्ये फोटो असेल, कार्यक्रम समितीच्या ग्रुपवर कदाचित मसुदाही टाकला असेल. ते सगळं आजच काढून टाका.